दोघांचा देव एक, मग उपासना इतकी वेगळी कशी?

उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेतो. तुम्ही अबू धाबीत नोकरीला आहात. फ्लॅटमध्ये एक मित्र केरळचा सिरियन ख्रिश्चन, दुसरा हैदराबादचा मुस्लिम, आणि तुम्ही साताऱ्याचे. तिघं मिळून सादियात बेटावरचं अब्राहमिक फॅमिली हाऊस (मशीद, चर्च आणि ज्यूंचं सिनेगॉग एकाच आवारात) बघून आलात आणि रात्री जेवताना वाद पेटला. मुस्लिम मित्र म्हणाला, येशूची उपासना म्हणजे सरळसरळ शिर्क, देवाला भागीदार जोडणं. ख्रिस्ती मित्राने उलट विचारलं, मग तुम्ही दिवसातून पाच वेळा मक्केतल्या काब्याच्या काळ्या दगडाकडे डोकं टेकता ते काय? तुमचं म्हणणं असं की, दोघं आदाम, अब्राहाम, मोशे, मरिया सगळ्यांना मानतात, तर हे एकाच देवाची उपासना करतात की नाही ते एकदा हो किंवा नाही असं सांगा. आणि अशा वादात आपण काय बोलायचं?

मी कुठून बोलतोय ते सांगायला हवं. मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातला, प्रोटेस्टंट. पुण्यात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला आणि त्यातला बराच काळ एका मौलानांच्या जोडीने, एकाच वर्गात. वर्गाचा एक नियम होता: दुसऱ्याच्या उपासनेचं वर्णन तुम्ही करायचं, आणि ती करणारा माणूस ‘हो, हेच मी करतो’ म्हणेपर्यंत टीका करायची नाही. हा नियम पाळायला बसलं की बहुतेकांचे पहिले दोन-तीन प्रयत्न वाया जातात. तुमच्या दोन्ही मित्रांची ती दोन वाक्यंही या कसोटीला उतरत नाहीत. माझं झुकतं माप ख्रिस्ती बाजूला पडलं तर ते ओळखून घ्या.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. दोघं कोणाला उद्देशून बोलतात हा पहिला. त्याच्याबद्दल काय मानतात हा दुसरा. आणि उपासना करताना माणूस नेमकं काय करतो, काय घडतंय असं समजतो, हा तिसरा. वाद नेहमी पहिल्या दोनांवर होतो. माझ्या अनुभवात खरी फट तिसऱ्यात आहे, आणि ती समजली की पहिल्या दोनांची धार आपोआप कमी होते. म्हणून पहिले दोन लवकर उरकतो.

पहिल्या प्रश्नावर मुस्लिमांचं उत्तर बरंचसं सरळ आहे. कुरआनच्या 29व्या सूरेत (अध्यायात) ग्रंथधारकांना, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना, उद्देशून सांगितलंय की आमचा आणि तुमचा देव एकच आहे. म्हणजे मुस्लिम दृष्टीने ख्रिस्ती माणूस दुसऱ्याच देवाला भजत नाही. त्याच देवाला भजतो, पण त्यात असं काही मिसळतो जे मिसळायला नको होतं. ख्रिस्ती बाजूला मात्र एकमत नाही. पोप सातवे ग्रेगरी यांनी 1076 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या एका मुस्लिम राजाला लिहिलं होतं की आपण दोघं एकाच देवाला मानतो, जरी वेगळ्या रीतीने. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या आपल्या घोषणापत्रात मुस्लिम एका, जिवंत, दयाळू, सर्वसमर्थ देवाची आराधना करतात असं स्पष्ट म्हटलं. याउलट अमेरिकेत व्हीटन कॉलेज या इव्हँजेलिकल संस्थेत 2015 मध्ये एका प्राध्यापिकेने ‘आपण एकाच देवाला भजतो’ असं लिहिलं आणि तिला रजेवर पाठवलं गेलं; पुढे तिने कॉलेज सोडलं. तेव्हा तुमच्या ख्रिस्ती मित्राचं उत्तर तो कोणत्या चर्चचा यावर बरंच अवलंबून राहील.

माझं मत विचाराल तर ‘हो’. कारण सांगतो. गावच्या शाळेतल्या एका मास्तरांबद्दल दोन माजी विद्यार्थी बोलतायत. एक म्हणतो, त्यांना मुलगा होता आणि तो त्यांच्यासारखाच. दुसरा म्हणतो, छे, त्यांना मूलबाळ नव्हतंच. दोघांपैकी एकाचं नक्की चुकतंय, पण ते एकाच मास्तरांबद्दल बोलतायत म्हणून तर भांडतायत. शिवाय ज्यू लोक त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, येशूला मसीहा मानत नाहीत, तरी ते आपल्याच देवाला भजतात असं ख्रिस्ती परंपरा मानत आली आहे. मग तेवढ्याच कारणावरून मुस्लिमांचा देव वेगळा ठरवायचा असेल तर आणखी काही कारण द्यावं लागेल. ते मला आजवर पटेल असं कुणी दिलेलं नाही. देणारे हुशार लोक आहेत, हेही खरं.

दुसरा प्रश्न, शिर्कचा. इथे तुमच्या मुस्लिम मित्राला एक गोष्ट कदाचित माहीत नसेल. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांमध्येच यावर मोठं भांडण झालं. आरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं की पुत्र हा सर्वश्रेष्ठ, पण निर्माण केलेला आहे. त्याला विरोध करणाऱ्या अथनेशियसचा एक मुख्य मुद्दा उपासनेचा होता: येशू जर निर्मित असेल तर आपण सगळे निर्मित वस्तूची पूजा करतोय, म्हणजे मूर्तिपूजक आहोत. 325 ची निकियाची परिषद याच वादापायी भरली. आता हा मुद्दा एखाद्या आलिमांपुढे (इस्लामी धर्मपंडितांपुढे) ठेवा. ते म्हणतील, अगदी बरोबर! निर्मिताची पूजा म्हणजे शिर्क, यावर अथनेशियस आणि इस्लाम यांचं पूर्ण एकमत आहे. मतभेद एवढाच की येशू निर्मित आहे की नाही. ख्रिस्ती माणूस ‘देव आणि शिवाय येशू’ अशी बेरीज करत नाही. तो म्हणतो, एकच देव, आणि येशूत तोच आपल्याला भेटला. मुस्लिम म्हणतो, हे मला मान्य नाही, आणि तुम्ही कितीही बारकाईने समजावलं तरी परिणाम तोच होतो. दोघांनाही शिर्क नकोच आहे. इस्लामी कायद्यानेही ख्रिस्ती आणि ज्यूंना ग्रंथधारक म्हणून मूर्तिपूजकांपासून वेगळं धरलंय. पाचव्या सूरेत त्यांचं अन्न चालतं, त्यांच्या स्त्रियांशी लग्नही चालतं. तेव्हा ‘सरळसरळ शिर्क’ म्हणताना हैदराबादकर मित्राने आपल्याच परंपरेतली ही बाजू आठवावी.

येशूची उपासना ही पुढे केव्हातरी घुसडलेली गोष्ट आहे असंही बऱ्याचदा ऐकायला मिळतं. इतिहास तसं सांगत नाही. सुमारे 112 साली रोमन सुभेदार प्लिनीने सम्राट त्राजानला कळवलं होतं की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निकियाच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट, आणि सांगणारा माणूस त्यांच्या बाजूचा नव्हे.

आता तिसरा प्रश्न.

मुस्लिम माणूस नमाजला उभा राहतो तेव्हा काय घडतंय? 51व्या सूरेत देव म्हणतो की जिन्न आणि माणसं मी केवळ माझ्या इबादतीसाठी निर्माण केली. उपासना हे माणसाचं देणं आहे, त्याच्या असण्याचं कारणच आहे. ती कशी करायची हे देवाने दाखवून दिलंय आणि माणसाला ती करता येते. त्यासाठी कुणी मध्ये लागत नाही. इमाम हा पुरोहित नव्हे. तो पुढे उभा राहणारा नमाजीच. रानात एकटा मेंढपाळ उभा राहिला तरी त्याची नमाज पूर्ण होते. वजू (हातपाय-तोंड धुणं), वेळ, काब्याची दिशा, मनातला इरादा, मग उभं राहणं, वाकणं, कपाळ जमिनीला टेकणं. दिवसभरात 17 फर्ज (अनिवार्य) रकात, म्हणजे नमाजची आवर्तनं, आणि प्रत्येक रकातीत सात आयतींची फातिहा, कुरआनची पहिली सूरा. त्या फातिहेच्या मधोमध एक वाक्य येतं: आम्ही तुझीच उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. ‘तुझीच’मधल्या त्या ‘च’वर सगळी इमारत उभी आहे.

ख्रिस्ती माणूस उपासनेला बसतो तेव्हा वेगळंच काही घडतं. त्याची सुरुवातच अशा कबुलीने होते की देवाला साजेशी उपासना मला जमत नाही. बायबलचा नवा करार म्हणतो, ती ख्रिस्ताने आमच्यासाठी केली, आम्ही तिच्यात सामील होतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला महायाजक म्हटलंय. तोच आत जातो आणि त्याच्या मागून आम्हाला वाट मिळते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल तर म्हणतो की काय मागावं हेही आपल्याला कळत नाही, आत्मा स्वतः आपल्या वतीने विनंती करतो. म्हणून ख्रिस्ती प्रार्थना ‘येशूच्या नावाने, आमेन’ अशी संपते. ते शेवटचं औपचारिक वाक्य नाही. ती प्रार्थना पोचते कशी, याचं उत्तर त्यात आहे. पित्याला, पुत्रातून, आत्म्याच्या साहाय्याने: त्रैक्य हे ख्रिस्ती लोकांनी आधी गणितासारखं मांडलं आणि मग उपासनेत आणलं असं झालेलं नाही. आधी लोक असे प्रार्थना करत होते, सिद्धांत नंतर शब्दांत आला.

थोडक्यात, मुस्लिमाला देव आणि बंदा (सेवक) यांच्यामध्ये कुणीच नको, तर ख्रिस्ती माणसासाठी मध्ये उभा असलेला देव स्वतःच आहे. बाकीचे बहुतेक फरक याच फरकातून निघतात, आणि हे लक्षात न घेता ते एकेक करून तपासले की ते विचित्र किंवा हास्यास्पद वाटतात.

उदाहरणार्थ शिस्त. आमच्या वर्गातली ख्रिस्ती मुलं पहिल्यांदा मशिदीत मागे बसून नमाज बघून आली की म्हणायची, सर, हे फार यांत्रिक आहे, मनातलं काही बोलतच नाहीत. मुस्लिम मुलं चर्चमधून आली की म्हणायची, बूट घालून, बाकावर रेलून, देवाशी शेजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलतात, याला अदब म्हणायचं? दोघांनी बघितलेलं खरं होतं, लावलेला अर्थ चुकीचा होता. नमाजचा साचा देवाने दिलेला आहे, म्हणून त्यात स्वतःची भर घालायची नसते. मनातलं मागायला दुआ आहे, ती कुठल्याही भाषेत, कधीही. आणि साचा पाळला म्हणजे झालं असं इस्लाम कुठेच म्हणत नाही. 107व्या सूरेत नमाज पढणाऱ्यांनाच धारेवर धरलंय: जे बेफिकीर असतात, दाखवण्यासाठी पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू देत नाहीत. येशूचं वचन याच्या शेजारी ठेवा: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. या दोन वचनांवर आमच्या वर्गात कधीच वाद झाला नाही.

इकडे ख्रिस्ती मोकळेपणाचं मूळ ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ या हाकेत आहे. मुलाने बापाकडे जायला वेळेची अट नसते. कुरआन देवाला पिता म्हणत नाही, आणि ते टाळणं मुद्दाम आहे. पितृत्वात भागीदारीचा वास येतो. पण यावरून ‘इस्लाममध्ये भीती, ख्रिस्ती धर्मात प्रेम’ असं समीकरण मांडणाऱ्यांचा मला वैताग आहे. मिशनरी पत्रकांत ते अजून छापलं जातं. कुरआनातला देव माणसाच्या मानेच्या शिरेहून जवळ आहे, त्याच्या नावांत प्रेम करणारा हेही एक नाव आहे. आठव्या शतकात बसऱ्याच्या राबियाने मागितलं होतं की मी नरकाच्या भीतीने तुला भजत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने भजत असेन तर स्वर्गातून घालव. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या त्याच पत्रात म्हटलंय की आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. भीती आणि प्रेम दोन्हीकडे भरपूर आहे.

दुसरं उदाहरण भाषेचं. जगात कुठेही जा, नमाज अरबीतच. तुर्कस्तानात 1932 पासून अजान तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली. 1950 मध्ये ती उठताच अरबी अजान परत आली. ख्रिस्ती उपासना उलट दिशेने गेली. कॅथॉलिकांचा मिस्सा (प्रभुभोजनाची मुख्य उपासना) शतकानुशतकं लॅटिनमध्ये होता, पण व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या निर्णयानंतर वसईतल्या माणसाला तो मराठीत मिळाला. आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये तर नारायण वामन टिळकांची भजनं आणि अभंग पेटी-तबल्यावर म्हणत आम्ही वाढलो. याचं कारण नुसतं सोय-गैरसोय असं नाही. मुस्लिमांच्या श्रद्धेत देवाकडून जे उतरलं ते त्याचं वचन, त्या अरबी शब्दांसकट. नमाजमध्ये माणूस देवाचेच शब्द आपल्या तोंडी घेतो. भाषांतर हे अर्थ समजायला, पढायला नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत जे उतरलं ते एक माणूस, आणि उपासनेत उरतं ते त्याचं भोजन: भाकर आणि द्राक्षारस. ते कुठल्याही भाषेत मोडता येतं. म्हणून बायबलची तुलना कुरआनशी करण्यापेक्षा ख्रिस्ताची तुलना कुरआनशी करणं अभ्यासकांना अधिक बरोबर वाटतं. माझे सहकारी मौलाना तरुण मुलांना सांगायचे की ख्रिस्ती माणूस प्रभुभोजन घेताना कसा असतो ते बघायचं असेल तर एखादा हाफिज (कुरआन तोंडपाठ असलेला) डोळे मिटून तिलावत (पठण) करतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. एवढ्या नेमकेपणाने मला ते कधी सांगता आलं नाही.

तिसरं, बलिदान. बकरी ईदला कुर्बानी होते, पण 22व्या सूरेत स्पष्ट आहे की त्यांचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची धर्मनिष्ठा. पापाचं प्रायश्चित्त दुसऱ्या कुणी भरावं ही कल्पनाच नाही. क्षमा देव थेट करतो. ख्रिस्ती उपासनेचा कणाच मात्र एकदाच आणि कायमचं झालेलं बलिदान हा आहे. वेदी, भाकर, ‘हे माझं शरीर’, सगळं त्याच्याभोवती. कुरआन क्रुसावरचा मृत्यूच नाकारतो, तेव्हा इथे गोडीगुलाबीने मधला मार्ग निघत नाही. मी तो शोधायचा प्रयत्नही करत नाही. संवादाच्या कार्यक्रमांत ‘शेवटी सगळं एकच’ म्हणून हा भाग झाकणारे वक्ते मी भरपूर पाहिलेत. ते गेल्यावर श्रोते पुन्हा पहिल्या पानावर.

या फरकाचा सगळ्यात सुंदर नमुना गेथशेमाने बागेतला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात अटकेच्या रात्री येशू जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मौलाना हा उतारा वाचायला लावून म्हणायचे, बघा, कपाळ जमिनीला, स्वतःची मर्जी सोडून देवाची मर्जी. सजदा याहून वेगळा काय असतो? हा बंदा आहे, आणि देव बंद्याला ऐकतो. कुरआनातही पाळण्यातला ईसा (येशू) पहिलं वाक्य बोलतो ते ‘मी अल्लाहचा बंदा आहे’. मी म्हणायचो, बरोबर, आणि आमच्या दृष्टीने हीच ती परिपूर्ण उपासना जी बाकी कुणाला जमली नाही. म्हणून आम्ही तिच्या आडोशाला उभे राहतो. एकच माणूस, एकच रात्र, जमिनीला टेकलेलं तेच कपाळ. मुस्लिम त्याच्याकडे बघून म्हणतो, याच्यासारखी उपासना करा. ख्रिस्ती म्हणतो, याच्यासारखी करा, आणि जमली नाही तर याच्यातून करा. वर्गात बोलण्यासारखं यापुढे फारसं उरायचं नाही, मुलं मात्र तास संपला तरी उठायची नाहीत.

आता काळा दगड, कारण ख्रिस्ती मित्रालाही उत्तर हवंय. हदीसमध्ये नोंद आहे की दुसरे खलिफा उमर त्या दगडाला उद्देशून म्हणाले: तू दगड आहेस, ना नुकसान करू शकतोस ना फायदा, हे मला माहीत आहे, प्रेषितांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. यापेक्षा साफ खुलासा कोण देणार? काबा ही दिशा आहे. मदीनेतले पहिले सोळा-सतरा महिने मुस्लिम जेरुसलेमकडे तोंड करत होते, पुढे दिशा बदलली, देव बदलला नाही. आणि दिशेचं म्हणाल तर ख्रिस्ती लोकही काही कमी नाहीत. पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना ही फार जुनी चाल आहे. अरबस्तानातल्या नजरानचे ख्रिस्ती मदीनेत चर्चेला आले तेव्हा त्यांनी प्रेषितांच्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली असं प्रेषितांचे जुने चरित्रकार इब्न इसहाक यांच्या वृत्तांतात आहे. तुमच्या मित्राला केरळमधला सायरो-मलबार चर्चचा अलीकडचा वादही ठाऊक असेल: कुर्बानाच्या (तिथल्या मिस्साच्या) वेळी धर्मगुरूने लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे, यावर 2021 नंतर एर्नाकुलममध्ये उपोषणं-मोर्चेसुद्धा झाले. तुम्ही पाहिलेल्या सादियातच्या संकुलात चर्चची वेदी पूर्वेला आहे आणि मशिदीचा मेहराब (नमाजची दिशा दाखवणारा कोनाडा) मक्केच्या, म्हणजे तिथून पश्चिमेच्या बाजूला. पुन्हा गेलात तर मुद्दाम बघा.

हे सगळं परिस्थितीनुसार बदलतं हेही सांगायला हवं, कारण ‘ख्रिस्ती’ आणि ‘मुस्लिम’ हे दोन सरळ गठ्ठे नाहीत. तुमचा मित्र मलंकरा ऑर्थोडॉक्स असेल तर त्याच्या परंपरेत दिवसाच्या सात प्रार्थना-वेळा आहेत, पूर्वेकडे तोंड आहे, मोठ्या उपवासकाळात जमिनीवर डोकं टेकून दंडवत आहेत. म्हणजे दिसायला तो हैदराबादच्या मित्राच्या जवळ आणि माझ्यासारख्या नगरच्या प्रोटेस्टंटपासून लांब. मार थोमा चर्चचा असेल तर चित्र वेगळं, पेंटेकोस्टल असेल तर आणखी वेगळं.

मुस्लिमांतही तसंच. मुंबईत माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे कुरआनचे मोठे भाष्यकार. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट मायकल चर्च, जिथे 1948 पासून दर बुधवारी मरियेचा नोव्हेना (ठरावीक प्रार्थना) चालतो. दोन्हीकडच्या गर्दीत तिन्ही-चारी धर्मांचे लोक, आणि दोन्हीकडे नवसच जास्त. देवबंदी विचाराचा माणूस दर्ग्यातल्या मागण्यांवर आक्षेप घेईल, बरेलवी म्हणेल आम्ही वलींकडून (संतांकडून) शिफारस मागतो, उपासना अल्लाहचीच. चर्चबाहेर माझ्यासारखा प्रोटेस्टंट भुवया उंचावेल, कॅथॉलिक सांगेल की 787 च्या निकिया परिषदेपासून आराधना फक्त देवाची आणि वंदन संतांचं, हा भेद पक्का आहे. दोन रस्ते ओलांडले की तोच वाद, तेच मुद्दे, फक्त पोशाख वेगळा. म्हणूनच ‘इस्लाम काय म्हणतो’ आणि ‘ख्रिस्ती धर्म काय म्हणतो’ असं विचारण्याआधी तुमच्या मित्रांना ‘तू काय करतोस’ असं विचारा.

मग तुम्ही मध्ये बसून काय बोलायचं? पंच होऊ नका. तुमच्या घरात देव्हारा असेल, तर दोघंही कधीतरी एकत्र येऊन तुमच्याकडे वळतील, त्याचीही तयारी ठेवा; तेव्हाही वर्णन आधी, टीका नंतर हाच नियम लावून घ्या. पुढच्या वेळी वाद झाला तर मुस्लिम मित्राला सांगा, तू ख्रिस्ती प्रार्थना काय असते ते सांग, आणि हा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत सांगत राहा. मग उलट. जेवण थंड होईल, पण निदान एकमेकांच्या नसलेल्या मतांशी भांडण होणार नाही.

आणि प्रत्यक्ष बघा. संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, त्याआधी तिथल्या चर्चमध्ये मुख्य गर्दी शुक्रवारीच व्हायची, कारण सुट्टी तेव्हा. आता रविवारी जाता येईल. ख्रिस्ती मित्राबरोबर गेलात तर मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा, पण भाकर घ्यायला रांगेत जाऊ नका. ऑर्थोडॉक्स आणि कॅथॉलिक चर्चमध्ये ते बाप्तिस्मा घेतलेल्या आपल्या लोकांसाठीच असतं. छाती-कपाळावर क्रूस काढण्याची नक्कल करायची गरज नाही. मशिदीत शुक्रवारी जागा कमी असते, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या साध्या वेळी, असर (दुपारनंतरची नमाज) किंवा इशाला (रात्रीची), मित्राला आधी विचारून जा. पाय धुवून, मोजे स्वच्छ, भिंतीशी बसा, नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नका. दोन्हीकडून परत आलात की मित्रांना एकच विचारा: मी पाहिलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय होतं, जे मला बाहेरून दिसलं नसेल? उत्तरं इथे लिहिलीत तर मला वाचायला आवडेल, विशेषतः केरळच्या मित्राचं, कारण सिरियन परंपरेबद्दल मला पुस्तकांतून जेवढं कळलंय त्यापेक्षा त्याला घरात जास्त कळलेलं असणार.